हरिश्चंद्रगडावर एक कंदील

गडावर मुक्कामाला जाणाऱ्या माणसाने बरोबर काय न्यावे, याबद्दल आमच्या ओळखीत जितकी माणसे तितकी मते आहेत. कुणी बुटांचे महत्त्व सांगतो, कुणी दोराचे, आणि आमच्या शेजारच्या वहिनींचा सारा भरवसा मेतकुटावर आहे. उजेडाचा विचार मात्र सहसा सर्वांत शेवटी, म्हणजे गाडीत बसल्यावर होतो. "मोबाइलमध्ये आहे की बॅटरी!" असे कुणीतरी म्हणतो आणि विषय मिटतो. मोबाइलमधली बॅटरी म्हणजे कुलपाचे भोक सापडेपर्यंतची सोय. तिच्या जिवावर डोंगरात रात्र काढायला निघणे म्हणजे चहाच्या चमच्याने आमटी वाढण्यासारखे आहे. वाढता येते, पण पंगत उठेपर्यंत वाढणाऱ्याचे हाल होतात.

आमच्या घरी हा विषय सर्वांत आधी निघाला, त्याला कारण होते. यांना २०१६ साली काचबिंदू निघाला. मोतीबिंदू हा पाहुण्यासारखा समोरच्या दाराने येतो. डोळ्यांपुढे धुके धरतो, माणूस ओरडतो, डॉक्टर तो काढून टाकतात. काचबिंदू परसदाराने येतो. डोळ्यातला दाब नेत्राच्या शिरेला हळूहळू दुखावतो आणि नजर कडेकडेने कुरतडली जाते. मध्यभाग बराच काळ शाबूत राहतो, त्यामुळे वर्तमानपत्र वाचता येते, सुईत दोरा ओवता येतो, आणि माणसाला वाटते आपले उत्तम चालले आहे. गेलेला भाग परत येत नाही. उरलेला राखण्यासाठी रोज वेळेवर थेंब घालायचे, एवढेच हाती असते. अशा डोळ्यांना दोन गोष्टींचा फार त्रास होतो: एकदम डोळ्यांवर आलेला झगझगीत प्रकाश, आणि उजेडातून अंधारात जाणे. आपले डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटे घेतात. यांचे त्याहून अधिक घेतात, आणि पुरते सरावतातच असे नाही.

अशा स्थितीत, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, यांनी कोकणकड्यावर एक रात्र काढायची इच्छा बोलून दाखवली. तरुणपणी हे खिरेश्वरकडून टोलार खिंडीने हरिश्चंद्रगड चढले होते. तेव्हा मुक्काम केला होता, पण ढगांनी काही दिसू दिले नव्हते. डॉक्टरांनी मोडता घातला नाही. "दिवसा चढा, दिवसा उतरा, आणि रात्री कुणाचातरी हात धरा," असे ते म्हणाले. पहिल्या दोन गोष्टी यांनी लगेच मान्य केल्या. तिसरी ऐकूच आली नाही, असा चेहरा केला. वर्षभर घरातही हे कुणाला हात धरू देत नव्हते. मी हात पुढे केला की त्यांना नेमकी चष्म्याची काच पुसायची असे.

तेव्हा हाताच्या जागी दिवा शोधणे आले. ते काम मी अंगावर घेतले.

माझ्या माहेरी कोकणात कंदील होते, त्यामुळे या विषयातले थोडेफार मला कळते, असा माझा समज आहे. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीच्या काच कारखान्याचा प्रभाकर कंदील हे त्या काळी घराघरातले नाव होते. तिन्हीसांजेला काच काढून राखेने घासायची, कोरड्या फडक्याने पुसायची आणि वात कात्रीने सारखी करायची, हे मुलींचे काम. वात वाकडी कापली गेली की काच एका बाजूने काजळायची आणि आई न बोलता ती परत माझ्यापुढे ठेवायची. लग्नाकार्यात पेट्रोमॅक्स येई. तो फुसफुसे, त्याच्याभोवती किडे जमत, आणि त्याची जाळी हात लागताच भुगा होई. या दिव्यांना आज कुणी परत बोलवावे असे मला वाटत नाही. तंबूत रॉकेल पेटवणे म्हणजे आगीला आणि गुदमरण्याला आमंत्रण. पण कंदिलाचा उजेड चारी बाजूंना सारखा पडे आणि माणसांचे चेहरे दाखवी. विजेरी फक्त आपण बोट दाखवू तेवढेच दाखवते. हे वळण बॅटरीच्या ज्या दिव्यात आहे तोच घ्यायचा, असे मी मनाशी ठरवले.

मुंबईत लोहार चाळीत गेलात तर विजेच्या वस्तूंचे नाना प्रकार दिसतात. मी तिथल्या एका दुकानात शिरले. दुकानदाराने मुठीएवढे सात-आठ दिवे काचेवर मांडले आणि एकेक पेटवून माझ्या डोळ्यांवर मारू लागला. "बघा ताई, हजार लुमेन!" लुमेन हे उजेडाचे माप. एक मेणबत्ती साधारण बारा-तेरा लुमेन उजेड देते आणि घरातला जुना चाळीस वॅटचा बल्ब चारशेच्या घरात. तंबूत तिघे बसले असतील तर पन्नास-साठ लुमेन पुष्कळ होतात, स्वयंपाकाला दीडशे-दोनशे. हजार लुमेनच्या दिव्याखाली जेवायला बसणे म्हणजे पोलीस चौकशीला बसणे.

एका खोक्यावर लिहिले होते, आत एकच सेल, आणि त्याची क्षमता ९९०० एमएएच. अठरा मिलिमीटर जाड आणि पासष्ट मिलिमीटर लांब अशा त्या लिथियम सेलमध्ये चांगल्यात चांगली क्षमता साडेतीन हजारांच्या आसपास भरते. शेराच्या भांड्यात तीन शेर दूध मावते असे सांगणाऱ्या गवळ्याकडून मी दूध घेतले नसते. मी ते खोके खाली ठेवले.

हिशेब अवघड नाही, आणि तो गृहिणीने केलाच पाहिजे. ३००० एमएएच आणि ३.७ व्होल्ट यांचा गुणाकार करून हजाराने भागले की सुमारे ११ वॅट-तास येतात. एलईडीचा चांगला दिवा एका वॅटमागे शंभरेक लुमेन देतो. म्हणजे शंभर लुमेनवर दहा तास, दोनशेवर पाच. याहून फार मोठा आकडा कुणी सांगितला तर हसून पुढच्या दुकानात जावे. दुसरी मेख आहे तासांची. अमेरिकेत अशा दिव्यांसाठी जे मानक वापरतात, त्यात दिवा किती वेळ चालतो याचा अर्थ असा, की त्याचा उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर उतरेपर्यंतचा वेळ. पहिल्या तासात निम्मा झाला आणि मग रात्रभर मिणमिणत राहिला, तरी खोक्यावर "बारा तास" असे छापता येते, आणि ते खोटेही नसते.

सेलवरून घरात वाद झाला. लेकीचे म्हणणे, आतच बॅटरी असलेला, तार लावून भरता येणारा घ्यावा. तोच मोबाइललाही वीज देतो. यांचे म्हणणे, पेन्सिल सेलचा घ्यावा, कारण राजूरच्या वाण्याकडेही तो सेल मिळेल. दोघांचेही बरोबर होते. शेवटी मी तीन पेन्सिल सेलवर चालणारा घेतला आणि त्यात पुन्हा भरता येणारे निकेलचे सेल घातले. हे सेल दीड व्होल्टचे नसून १.२ व्होल्टचे असतात, पण एलईडीला ते चालतात. साधे अल्कलाइन सेल दिव्यात विसरून राहिले की पाझरतात आणि पितळी पट्ट्या खाऊन टाकतात. शिवाय थंडीत त्यांचा दम लवकर सुटतो.

रंगाचेही पाहावे लागते. एलईडीचा पांढरा उजेड मुळात पांढरा नसतो. आत निळा दिवा असतो आणि त्यावर पिवळसर लेप. तो तेजस्वी निळा दिवा साधायला शास्त्रज्ञांना अनेक वर्षे लागली, आणि त्याबद्दल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. लेप कमी तर उजेड निळसर, इस्पितळासारखा. त्यावर किडेही अधिक येतात. लेप जास्त तर पिवळसर, समईच्या अंगाचा. खोक्यावर ६५०० असा आकडा असला तर इस्पितळ आणि २७०० किंवा ३००० असला तर समई, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

घरी आणलेल्या दिव्याची परीक्षा मी माझ्या पद्धतीने घेतली. स्वयंपाकघरात काळोख करून ताटात तांदूळ पसरले आणि त्यात मोजून दहा बारीक खडे टाकले. पिवळ्या उजेडात नऊ सापडले. दुसरी परीक्षा लेकीने शिकवली. उजेड कमी करून दिव्यापुढे पेन्सिल भराभर हलवायची. पेन्सिल तुटक तुटक, पंख्याच्या पात्यांसारखी दिसली तर दिवा वेगाने उघडमीट करतो आहे असे समजावे. नुसते पाहून ते कळत नाही, पण पुष्कळांचे त्याने डोके दुखते. आमचा दिवा यात उतरला. त्याचा उजेड एका चकतीने हवा तितका कमी करता येई, पार दोन मेणबत्त्यांच्याही खाली.

खरी परीक्षा आमच्या इमारतीच्या जिन्यावर झाली. रात्री अकरानंतर, शेजाऱ्यांची परवानगी घेऊन जिन्यातले दिवे मालवले. आधी यांनी जावयांचा कपाळावर बांधायचा दिवा लावून पाहिला. उजेड भरपूर, पण पायऱ्या एकमेकींत मिसळल्या. कपाळावरच्या दिव्याने पडणारी सावली वस्तूच्या मागे, म्हणजे आपल्या नजरेआड जाते. त्यामुळे खाच आणि उंचवटा एकसारखे सपाट दिसतात. मग हाच छोटा कंदील गुडघ्याच्या उंचीवर धरला. प्रत्येक पायरीच्या कडेला सावलीची काळी रेघ उमटली. हे एका दमात खाली गेले आणि वर आले. एकच अडचण राहिली: कंदील स्वतःच डोळ्यांवर येत होता. त्याला मी एका लग्नपत्रिकेचा जाड कागद कापून अर्धगोल आडोसा केला, चंदेरी बाजू आत, आणि रबराने बांधला. यांच्या बाजूला काळोख, पुढे उजेड. दिव्याला जो खर्च आला त्याच्यापुढे हा खर्च शून्य, पण त्यावाचून दिवा कुचकामी होता.

८ डिसेंबर २०१८, शनिवार. कार्तिकाची अमावास्या आदल्याच दिवशी सरली होती, म्हणजे चंद्राचे साहाय्य नाही. घोटी, शेंडी, राजूर असे करत आम्ही पाचनईला पोचलो. लेक, जावई, हे आणि मी. पाचनईची वाट सर्वांत सोपी. बेलपाड्याकडून येणारी नळीची वाट वेगळी, ती तरुण गुडघ्यांसाठी. ज्यांच्या घरी जेवलो त्या मावशींनी यांच्या पायांकडे आणि मग चष्म्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "बाबा, दमानं जा. गड काय पळून जात न्हाई." हे दमाने गेले. तीन तास लागले.

हरिश्चंद्रगड सुमारे १४२४ मीटर उंच आहे. त्यावरचे तारामती शिखर थोडे अधिक. वर गेल्यावर खोलगट जागेत दगडी देऊळ दिसते, नखशिखान्त कोरलेले. चांगदेवांनी 'तत्त्वसार' हा ग्रंथ या गडावर रचला. जवळच केदारेश्वराची गुहा आहे. मधोमध मोठे शिवलिंग, भोवती बर्फासारखे गार पाणी, आणि चार खांबांपैकी एकच शाबूत. तिथल्या अंधारात यांनी प्रथम कंदील लावला. उजेड पाण्यावर पसरला आणि छतावर हलू लागला. आत दोन तरुण झगझगीत विजेऱ्या घेऊन उभे होते. त्यांनी त्या आपणहून मालवल्या, हे मला फार आवडले.

कोकणकड्याचे वर्णन मी करणार नाही. तो नुसता उभा नाही, तर पोटात वळलेला आहे, नागाच्या फणीसारखा. आणि खालून येणारा वारा टाकलेली हलकी वस्तू परत वर आणतो. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने इथे इंद्रवज्र, म्हणजे पूर्ण गोल इंद्रधनुष्य, पाहिल्याची नोंद आहे. पाठीशी सूर्य आणि पुढे दरीत धुके असले म्हणजे आपल्याच सावलीभोवती ते दिसते. आम्ही पाहिला तो साधा सूर्यास्त. हे कड्यापासून लांब पालथे झोपून सरपटत पुढे गेले आणि बराच वेळ बोलले नाहीत.

तेव्हा तिथे तंबू ठोकता येत असत. हे सारे अभयारण्य आहे आणि वनखात्याचे नियम बदलत असतात; जाण्याआधी पाचनईत चौकशी करावी. आम्ही तंबू कड्यापासून पुष्कळ मागे लावले. उजेडी असतानाच मी एक काम केले. आमच्या तंबूच्या खुंटीपासून देवळाच्या बाजूच्या एका खडकापर्यंत, म्हणजे कड्याच्या अगदी उलट दिशेला, पांढरा नाडा जमिनीवर ताणून बांधला. यांनी पावले मोजली: चाळीस. वयस्क माणसाला रात्री उठावे लागते, यात लाजण्यासारखे काय आहे?

रात्री नऊला थेंबांची वेळ. उघड्या डोळ्यावर दिवा आला तर पापणी मिटते आणि थेंब गालावर जातो. म्हणून कंदील मी पाण्याने भरलेल्या पांढऱ्या बाटलीमागे ठेवला. बाटलीच दिवा झाली, मऊ आणि मोठी. थेंब पहिल्या खेपेला बरोबर पडला. मग कंदील अगदी बारीक करून दारात जमिनीवर ठेवला. टांगला असता तर वाऱ्याने हलला असता, आणि हलणाऱ्या दिव्याने सावल्या नाचतात, नीट डोळ्यांच्या माणसालाही भोवळ येते.

तीनच्या सुमाराला हे उठले. मी जागी होते, पण बोलले नाही. यांनी कंदील उचलला, आडोसा आपल्याकडे फिरवला आणि निघाले. मी तंबूच्या फटीतून पाहत होते. उजेडाचा एक लहानसा गोल नाड्यावरून सरकत गेला, थांबला, खडकाशी टेकला. थोडा वेळ गेला. आणि दिवा विझला.

सेल संपले असतील? संध्याकाळीच भरलेले घातले होते. पडले असतील तर आवाज आला असता. पण वारा इतका होता की मला माझाच आवाज ऐकू आला नसता. हाक मारावी असे तोंडाशी आले. पण हाक मारली की माणूस वळतो, आणि दोन पावले वळून चालला की अंधारात दिशा जाते. आमच्या मागे, वाऱ्याच्या अंगाला, कडा होता. मी मोबाइलचा दिवा लावून तंबूत आतल्या बाजूला, छताकडे तोंड करून ठेवला आणि बाहेर येऊन नाड्यावर पाय ठेवून उभी राहिले. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. घड्याळात पाहिले असते तर पाच मिनिटेच निघाली असती.

मग खडकाशी कंदील लागला, अगदी मंद. मी नाडा धरून तिथवर गेले.

"अहो, काय झालं?"

"काही नाही. मीच मालवला. आकाश बघत होतो."

"सांगून तरी जायचं!"

"तू झोपली होतीस ना?" हे म्हणाले. मग जरा थांबून, "तंबू आकाशकंदिलासारखा दिसत होता. मला वाटलं तूच लावला असशील. कड्याची बाजू कोणती ते त्यावरून कळत होतं."

मी शेजारी बसले. यांनी पुन्हा दिवा मालवला. मृग नक्षत्र कोकणाकडे कलले होते. "व्याध दिसतो," हे म्हणाले. "स्पष्ट. बाणाचे तीन तारे दिसतात. रोहिणी दिसते. कृत्तिका कुठे आहेत?"

मी बोट धरून दाखवल्या. मंद तारा पाहायचा तर नजर त्याच्या जराशी बाजूला ठेवावी लागते. आणि यांची बाजूचीच नजर गेली होती. यांनी पुष्कळ वेळ पाहिले.

"नाही दिसत. तुला किती दिसतात?"

"सहा," मी म्हणाले.

"माझ्या वेळी सात मोजल्या होत्या," हे म्हणाले, आणि माझे बोट तसेच धरून बसले. उठताना यांनी कंदील डाव्या हातात घेतला आणि उजवा हात माझ्यापुढे केला. आम्ही नाड्यावरून परत आलो. चाळीसच पावले, पण मोजायची राहून गेली.

सकाळी दरीत धुके नव्हते, तेव्हा इंद्रवज्राचा प्रश्नच आला नाही. जावयांनी पिठले केले. खाली उतरताना पाचनईच्या मावशींनी कंदील हातात घेऊन फिरवून पाहिला आणि किंमत विचारली. त्यांच्या ओसरीवर सूर्यावर भरणारा दिवा टांगलेला होता. "आमचा फुकट भरतो," त्या म्हणाल्या, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

दिवा अजून चालतो. प्रवास संपला की सेल काढून ठेवायचे, वर्षातून दोन-तीनदा भरायचे, आणि झाकणाच्या रबरी कडीला धूळ लागू द्यायची नाही, एवढीच त्याची बडदास्त. त्याच्यावरचे आयपीएक्स ४ हे अक्षर पावसाच्या शिंतोड्यांपुरते आहे. पाण्यात बुडला तर टिकेल तो आयपीएक्स ७, हे विसरू नये. चंदेरी आडोसा आतापर्यंत तीनदा बदलला. सध्याचा पुतण्याच्या लग्नपत्रिकेचा आहे. २०२२ च्या ज्येष्ठात राजमाचीला काजवे पाहायला गेलो, तेव्हा मात्र तो पिशवीतच राहिला. काजवे आपल्या उजेडानेच जोडीदाराला खुणावतात, आणि आपल्या दिव्यांनी त्यांचा संसार बिघडतो. त्या रात्री यांनी आपणहून माझा हात धरला होता. काजवे दिसले, जवळचे, झाडावरचे.

यंदाच्या मार्गशीर्षात रतनगड घाटतो आहे. तिथल्या लोखंडी शिड्या उजेडीच चढायच्या आणि उजेडीच उतरायच्या, ही अट यांनी मान्य केली आहे. मुक्काम खाली रतनवाडीत, अमृतेश्वराच्या देवळाजवळ. सेल भरायला लावले आहेत.